आपली बाई अजून उठलेली नाही

माझ्या हातून आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ झाला. त्यातला पहिल्या नंबरचा मी नवी नवरी असताना, हातात चहाचा ट्रे धरून केला.

लग्नानंतरचा पहिला गणपती होता. आमच्या श्रीवर्धनच्या घरी गौरी जेवल्या की दुपारी ओटीवर सतरंजी पडायची आणि पुरुषमंडळी तीन पत्ती खेळायला बसायची. देवासमोर पैसे बरे दिसत नाहीत म्हणून सुपाऱ्या लावायचे. सुपारीची वाडी स्वतःची, त्यामुळे कोणीही हरलं तरी माल घरातच. बायकांनी आतून चहा पाठवायचा आणि बाहेरचं हसणं ऐकायचं. त्या वर्षी एक गडी कमी पडला, म्हणून नाइलाजाने माझ्या थोरल्या नणंदेला, वन्संना, बसवून घेतलं. वन्सं अशा काही बसल्या की चहा उकळेपर्यंत त्यांच्यासमोर सुपाऱ्यांचा ढीग झाला. मी ट्रे घेऊन गेले, त्यांच्या पाठीमागून वाकून पाहिलं आणि जे दिसलं ते मोठ्याने वाचलं.

"अगंबाई, वन्सं, तीन एक्के."

सगळ्यांनी पत्ते टाकले. तीन एक्के म्हणजे तीन पत्तीतला राजयोग, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, बिचाऱ्यांना चष्म्याशिवाय दिसत नसेल, आपण मदत करावी. तेव्हाची मी अशीच होते. डोक्यावर पदर होता, आणि पदराखाली काही नव्हतं.

"म्हणून बायकांना घेत नाही," आमचे हे म्हणाले. "अक्का, ऊठ. चहा अजून लागेल."

वन्सं उठल्या. पण उठण्यापूर्वी त्यांनी ते तीन एक्के कोणाला न दाखवता गड्डीत मिसळले. सगळ्या ओटीला माहीत झालेले पत्ते, तरी दाखवले नाहीत. पुढे त्यांना त्या सतरंजीवर कोणी बसवलं नाही आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.

आता त्या सत्तरीच्या पुढे आहेत, मी त्यांच्या मागोमाग आहे, आणि ओटीवरची सगळी मंडळी एकेक करून भिंतीवरच्या फोटोंत जाऊन बसली. घरात आम्ही दोघीच. वन्संचं लग्न झालं होतं. दोन दिवाळ्यांनंतर त्या ट्रंकेसकट माहेरी आल्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आमच्या घरात ते विचारण्याची पद्धत नव्हती. आलेल्या माणसाला लगेच काम द्यायची पद्धत मात्र होती. तेव्हापासून श्राद्धाचे वडे, मंगळागौरीचं पुरण, सुपारीची सोलणी, सगळीकडे वन्सं.

तर गेल्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दवाखान्यातून काळा चष्मा मिळाला. चार आठवड्यांनी तो ठेवून द्यायचा असतो. वन्संनी ठेवला नाही. त्या तो लावून बाजारात जायला लागल्या. मला वाटलं, उन्हाचा त्रास होत असेल. मग एकदा बरोबर गेले तेव्हा प्रकार कळला. कोळणीसमोर पापलेटची जोडी पडली होती आणि वन्सं समोर उभ्या, हू नाही की चू नाही.

"आत्या, बोल ना काय देतेस."

वन्सं गप्प.

"ताजं हाय गो. कल्ला बघ."

वन्सं गप्पच. चेहरा पाटावरच्या पिठासारखा.

"आत्या, तो गागल काढ आधी," कोळीण वैतागली. "डोलं दिसल्याशिवाय मी भाव न्हाय सांगायची."

घरी येताना वन्सं मला म्हणाल्या, "चेहऱ्यावर काही नको, वहिनी. चेहऱ्यावर आलं की गेलं."

हे वाक्य त्यांनी कुठून उचललं, तर पोकरमधून. आमच्या नातीने तिची जुनी टॅब आम्हाला कीर्तनं ऐकायला दिली होती. एक कीर्तन संपलं आणि दुसरं लागायच्या ऐवजी हिरव्या टेबलाभोवती काळे चष्मे लावून पत्ते खेळणारी माणसं दिसायला लागली. मी बंद करायला गेले, तर वन्सं म्हणाल्या, "राहू दे. बघू दे काय करतात." ते बघणं अजून चालू आहे. इंग्रजी आम्हाला बेताचंच, पण वन्संचं म्हणणं, पत्त्यांना तरी कुठे येतं.

नियम त्यांनी स्वतः बघून बघून शोधून काढले आणि मग मला शिकवले. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, झाकलेले. मधे पाच पत्ते सगळ्यांचे, ते एकेक करून उघडतात. प्रत्येक उघडण्याला लावायचं किंवा पत्ते टाकायचे. आम्ही दोघी संध्याकाळी दिवाबत्तीनंतर सुपाऱ्या लावून खेळायला लागलो. सोललेला रोठा, अख्खी सुपारी, म्हणजे मोठी रक्कम, खांडं म्हणजे चिल्लर. पहिल्या दिवशी मी सवयीने त्यांच्या मागच्या स्टुलावर बसायला गेले, तेव्हा वन्संनी नुसतं बोटाने समोरचा पाट दाखवला.

गावात कुजबुज झालीच. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई वर्गणीला आल्या आणि साखर तोंडात ठेवून म्हणाल्या, "अक्का, या वयात जुगार बघता म्हणे तुम्ही."

"बघते," वन्सं म्हणाल्या. "अजून कोणी खेळायला बोलावलं नाही. बोलावलं तर जाईन."

जुलैत पोकरवाल्यांची मोठी स्पर्धा लागली. अमेरिकेत, वाळवंटातल्या कुठल्याशा शहरात. जगभरातून हजारो माणसं येतात, ज्याच्यापुढचा ढीग संपेल तो उठून जातो, आणि शेवटी एका टेबलापुरती माणसं उरतात. त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, एवढी एक सोय अमेरिकेने आमच्यासाठी केली आहे. वन्सं पहाटेच अंघोळ करून, काळा चष्मा लावून बसायच्या. घर आमचं वाडीच्या आत, तिथे रेंज फक्त न्हाणीघराच्या खिडकीशी आणि ओटीवर. न्हाणीघरात दोघी मावत नाहीत, म्हणून ओटीवर.

खेळाडूंना त्यांनी नावं ठेवली होती. हुडी घालून मान खाली घालणारा तो "गोगलगाय". सारखे ढीग मोजणारा तो "पतपेढी". दाढीवाला, गोड हसणारा पोरगा "जावई", कारण तो हसला की समोरच्याचं काहीतरी जायचं. आणि त्या सगळ्यांत एक बाई होती. पन्नाशीची असेल, कुठल्याशा थंड देशातली, जाड भिंगाचा चष्मा, अंगात तपकिरी स्वेटर. तिचं नाव घ्यायला जमेना, म्हणून ती "आपली बाई".

आपली बाई घाई करत नसे. पुष्कळदा पत्ते टाकायची. मी कंटाळून म्हणायचे, "वन्सं, ही नुसती टाकतेच आहे."

"टाकते ते दिसतं तुला. बसून राहिलीय ते दिसत नाही."

रोज सकाळी मी चहा टाकत असले की ओटीवरून हाक यायची, "वहिनी, ये, आपली बाई अजून उठलेली नाही." आणि मी जायचे. मला त्या बाईचं कौतुक होतं असं नाही. मला हाक मारणारं घरात दुसरं कोणी नव्हतं.

शेवटच्या टेबलावर नऊ उरले तेव्हा बाकी आठ पुरुष आणि आपली बाई. वन्संचं जेवण कमी झालं. मग सहा उरले, मग चार. आणि ज्या दिवशी शेवट व्हायचा, त्याच दिवशी आमच्या ह्यांचं श्राद्ध आलं.

वसंतभाऊजी, म्हणजे ह्यांचे आणि वन्संचे धाकटे भाऊ, पहिल्या एस.टी.ने पनवेलहून आले, बरोबर जाऊबाई. भाऊजी रिटायर झाल्यापासून फार धार्मिक झाले आहेत. ओटीवर पाय ठेवताच त्यांना काळा चष्मा लावलेली बहीण, पुढ्यात टॅब आणि टॅबमध्ये जुगार दिसला. ते तडक स्वयंपाकघरात आले.

"वहिनी, हे काय चाललंय? दादाचं श्राद्ध ना आज? आणि चूल थंड."

"खीर झालीय. आमसुलाची चटणी झालीय. वडे राहिलेत."

"मग करा ना."

"वडे वन्संचे असतात. आणि वन्सं आज मोकळ्या नाहीत."

भाऊजी बाहेर गेले. मी मागोमाग गेले, कारण असलं काही चुकवायची माझी तयारी नव्हती.

"अक्का, बंद कर ते. गुरुजी येतील आता."

"तिघंच उरलीत, वश्या. आपली बाई आहे अजून."

"ऊठ म्हणतो ना."

वन्संनी मान वळवली नाही. बोलल्या त्या इतक्या शांतपणे की टॅबमधला इंग्रज जास्त मोठ्याने बोलत होता. "मी उठणार नाही. या घरात मी कशालाच शेवटपर्यंत बसलेली नाही. भजनाला नाही, पंगतीला नाही. प्रत्येक वेळी मधूनच कोणाला तरी काहीतरी हवं झालं. आज मी शेवट बघणार. तुझ्या दादाला म्हणावं, थोडा थांब. त्याच्यासाठी मी पुष्कळ थांबलेय."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. घरची कर्ती बाई या नात्याने मी काहीतरी म्हणेन अशी त्यांची अपेक्षा असावी. श्राद्ध माझ्या नवऱ्याचं, तेव्हा शब्द माझाच होता. मी पाट ओढला आणि वन्संच्या शेजारी बसले.

"भाऊजी," मी म्हटलं, "वड्यांचा भरडा डब्यात आहे. पाणी कढत घ्या."

तेवढ्यात गुरुजी आले. भाऊजींनी त्यांच्यापुढे तक्रार मांडली. गुरुजींनी छत्री कोपऱ्यात ठेवली, घड्याळ बघितलं, मग टॅब बघितली. "अपराह्नकाळापर्यंत करता येतं," ते म्हणाले. "घाई नाही." आणि सतरंजीच्या कडेला टेकले. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "अक्का, या निळ्या शर्टातल्या गृहस्थांचा पाची पत्त्यांचा रंग होतोय का?"

"होत नाही. नुसता दाखवतोय."

"असं का," म्हणून गुरुजी सरसावून बसले.

मग असं दृश्य झालं, की आत भाऊजी सोवळ्यात भरडा मळतायत, जाऊबाई तेल तापवतायत, आणि ओटीवरून, डोळे टॅबवरचे न काढता, वन्संच्या सूचना चालल्यात. "वश्या, मेथी घातलीस का? घट्ट मळ. तो चिकटतोय म्हणजे पाणी जास्त झालं. जावयाने सगळं लावलं, गुरुजी, आता बघा." आतून भाऊजींनी विचारलं, "कोणाच्या जावयाने?"

पतपेढी गेला. आता दोघंच, जावई आणि आपली बाई. वन्संनी माझं मनगट धरलं होतं. एवढ्या वर्षांत एकमेकींना भाकऱ्या दिल्या, औषधं दिली, शेक दिला, पण हात धरायचं काही कारण पडलं नव्हतं. मी हात तसाच ठेवला.

आपल्या बाईला दोन राजे आले. तिने जाड चष्मा वर सरकवला आणि समोरचा सगळा ढीग दोन्ही हातांनी पुढे लोटला. जावयाने बराच वेळ तिच्याकडे बघितलं आणि आपलंही सगळं पुढे केलं. त्याच्याकडे दोन नव्व्या. मधले चार पत्ते उघडले, काही बिघडलं नाही. गुरुजी हात जोडून बसले होते. पाचवा पत्ता उघडला. नव्वी.

तीन नव्व्यांपुढे दोन राजे गेले. गुरुजींनी जोडलेले हात सोडले. आतून तळणाचा आवाज तेवढा येत होता.

आपली बाई उठली. जावयाशी हात मिळवला, काहीतरी बोलली, तो हसला, तीही हसली. मग खुर्चीच्या पाठीवरचा स्वेटर घेतला, बाह्या नीट केल्या, घातला, आणि गेली. रडणं नाही, आदळआपट नाही. वन्सं ती पडद्याबाहेर जाईपर्यंत बघत राहिल्या. मग जावयाला कसली तरी मोठी अंगठी का कडं देत होते, तेही पूर्ण बघितलं. लोक टाळ्या वाजवून पांगायला लागले, टेबलावरचे दिवे मंद झाले, आणि टॅबवर आपोआप कुठलंसं कीर्तन लागलं, तेव्हा त्यांनी माझं मनगट सोडलं.

आत जाऊन त्यांनी भाऊजींनी थापलेले वडे पाहिले. "ही काय वड्यांची जात, वश्या?" एवढंच म्हणाल्या आणि उरलेले स्वतः थापायला घेतले. श्राद्ध वेळेत झालं. पानात दोन्ही जातींचे वडे वाढले गेले. गुरुजींनी भाऊजींचे मागून घेतले, ते चांगले म्हणून की दयेने, कोण जाणे. संध्याकाळच्या गाडीला भाऊजींना सोडायला मी फाटकापर्यंत गेले. ते म्हणाले, "वहिनी, अक्काला आवरा." मी म्हटलं, "पुढच्या वर्षी थोडे लवकर या. भरडा जाडसर दळून ठेवते."

परत आले तर वन्सं पायरीवर बसलेल्या. काळा चष्मा मांडीवर होता. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच मी त्यांचे डोळे नीट पाहिले. माझी खात्री होती की त्या दोन राजांवर बोलतील, किंवा त्या मेल्या नव्वीवर. मी सांत्वनाची वाक्यंही तयार ठेवली होती. माझं सगळं तयार असतं, फक्त योग्य वेळी येत नाही. मी शेजारी बसले. पोफळींवरून पाणी ठिबकत होतं. वन्संनी चष्म्याच्या काड्या एकदा उघडल्या, एकदा मिटल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"वहिनी, आता उद्या सकाळी तुला काय सांगून हाक मारू?"