असलमशेठ पळाले!

"या वर्षी शर्यतीची शेवटची कमान पायांनीच ओलांडणार! गाडीत बसून नाही!" शर्यतीच्या आदल्या दिवशी जेवताना असलमशेठनी जाहीर केलं आणि त्या आनंदात आणखी एक भाकरी घेतली.

"गाडीत बसून आलात ना," त्यांची बायको गुलशन शांतपणे म्हणाली, "तर ते बूट मी भंगारवाल्याला देणार. परत पळायचं नाव काढायचं नाही!"

तिचंही खरंच होतं. गेल्या वर्षी कोळवणच्या शर्यतीत, खोऱ्यातली गावं लागायच्या आतच, दमलेल्यांना गोळा करत मागून येणाऱ्या गाडीनं शेठना उचलून आणलं होतं. त्यानंतर नात्यातल्या एकाही लग्नात पाहुण्यांनी गुलशनला सुखानं जेवू दिलं नव्हतं. "शेठ कुठवर पळाले?" हेच विचारत राहायचे.

पण शेठना काही पहिला नंबर नको होता. दिवसभर पौडच्या दुकानात पाईप, नळ आणि गिऱ्हाइकांची कटकट! पहाटे धरणाच्या रस्त्यावर पळताना मात्र भाव विचारायला कुणी नसायचं. धुकं, पाणी आणि आपलीच धाप. त्या तासाभरात शेठ खरोखर सुखी असायचे, आणि बूट गेले की तो तासही जाणार होता. लोक हसतील म्हणून सराव अंधारात चाले. त्यामुळे समोरच्या टपरीवरही स्कूटरनं जाणारे शेठ पळतात, हे कोळवण खोऱ्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. घोळ झाला तो इथंच!

शर्यतीच्या सकाळी भाताच्या बांधावर शेठच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक कुशाबा उभा होता. रंगीत बनियनं घातलेली शहरातली माणसं केव्हाच पुढं गेली होती. त्यांचं कुशाबाला काही वाटलं नाही, त्यांना दुसरं काम नसतं. पण मागाहून आले असलमशेठ! बिनास्कूटरचे! तोंड टोमॅटोसारखं लाल!

"शेठ! आवो, काय झालं?"

शेठना बोलायला दम कुठला? त्यांनी नुसता हात हलवला. कुशाबानं घाबरून पौडला फोन लावला.

"भाभी, शेठ रस्त्यानं पळत चालल्यात! तोंडातनं शब्द निघंना, नुसता हात हलवत्यात!"

पळताहेत हे गुलशनला माहीत होतं. पण शब्द निघत नाही म्हणजे? छातीतच काहीतरी झालं असणार! गॅस बंद करून ती शेजाऱ्यांच्या रिक्षात बसली.

कुशाबानं दुसरा फोन केला पुढच्या वाडीतल्या सगुणाबाईंना. त्या तांब्या घेऊन रस्त्याच्या मधोमध उभ्याच राहिल्या.

"बसा हितं, शेठ."

"मावशी, शर्यत चाललीय!"

"शर्यत? मग बैलं कुटं हायेत?"

"माणसांची शर्यत!"

"आन तुमी येकलेच?"

"बाकीचे पुढं गेले," शेठ पडेल आवाजात म्हणाले.

"ग्येलं न्हवं? मग आता घाई कशाला? च्या घ्या."

दारातला चहा नाकारणं म्हणजे मावशींना जन्मभर दुखावणं. शेठनी बशीत ओतून तो घशाखाली ढकलला आणि जीभ भाजून घेतली. तेवढ्यात मागची गाडी आलीच.

"बसा की, सर!" ड्रायव्हर प्रेमानं म्हणाला.

शेठ असे उठले, की बशी मावशींनी हवेतच झेलली!

शेवटी कमान दिसली. शेठच्या पोटऱ्या रडत होत्या, पण मन नाचत होतं. इतक्यात मागून ओळखीचा आवाज आला.

"थांबा! अहो, थांबा!"

शेठनी वळून पाहिलं. रिक्षातून उतरलेली गुलशन धावत येत होती आणि तिच्या मागं ती गाडी! शेठना वाटलं, बाई स्वतः बूट न्यायला आली! ते जीव खाऊन सुटले.

"जीव द्यायचाय का?" गुलशन ओरडली. तिनं चपला हातात घेतल्या, ओढणी कमरेला बांधली आणि निघाली. शाळेत खो-खोत तिच्या हातून कुणी सुटलं नव्हतं, तिथं शेठची काय कथा? कमानीच्या तोंडाशी तिनं त्यांना मागं टाकलं, पलीकडं जाऊन वळली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली. तिथल्या आवराआवर करणाऱ्या मुलीनं शेवटचं उरलेलं पदक झटकन तिच्याच गळ्यात घातलं आणि टाळ्या वाजवल्या!

शेठ कमानीखालची पट्टी ओलांडून तिच्या हातांवर आदळले.

"छातीत दुखतंय?"

"छे! तू बूट न्यायला आलीस म्हणून पळालो!"

गुलशननं रागवायचा प्रयत्न केला, पण दमच पुरेना. ती हसतच सुटली, हसत हसत रस्त्यातच बसली. इतक्या वर्षांच्या संसारात शेठनी तिला असं, घामेजून, लहान पोरीसारखं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांना फार बरं वाटलं.

"मग बूट?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"राहू देत. आणि माझ्या मापाचे कुठं मिळतात ते सांगा."

आता पहाटे दोघंही जातात. पदक दुकानात नळांच्या वर टांगलंय. परवा सगुणाबाई आल्या, पदक निरखून म्हणाल्या, "भाभी लई पळत्यात म्हणं! आन तुमी काय करता, शेठ?"

"मी?" शेठ मान खाली घालून नळ कागदात गुंडाळत म्हणाले, "मी त्यांच्या पुढं पळतो."

कमान येईपर्यंत तरी ते अगदी खरं होतं!