पुरनलालजी बँडच्या मागे लागतात

भाऊबीजेच्या दुपारी पुरनलाल राहांगडाले यांनी मुलीच्या मोबाइलवरचं एक गाणं ऐकायचं कबूल केलं आणि तिथेच सगळं बिघडलं. एरवी ते गाण्याबिण्याच्या वाटेला जाणारे नव्हेत. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या एका शाळेत ते बडे बाबू, म्हणजे मुख्य कारकून. दिवाळीचं गाणं म्हणजे गायगोधनाच्या दिवशी गुरं राखणारे गोवारी बासरी-डफावर म्हणतात तेच, आणि तेही आता पहिल्यासारखं राहिलं नाही, असं त्यांचं पक्कं मत होतं. (पहिले कसं होतं, असं कोणी विचारलं की त्यांना खोकला यायचा.)

पण लेक भूमेश्वरी गोंदियाच्या कॉलेजातून सुट्टीत घरी आली होती, आणि तिने मोबाइल थेट त्यांच्या कानालाच लावला.

"बाबूजी, आयका तं खरं. आपल्या इकडचेच पोट्टे हायेत. 'रिकामा कोठा' नाव हाय बँडचं."

"बँड? लगनातला?"

"रॉक बँड, बाबूजी! सोताचे गाने सोताच लिहितात. गुरांच्या रिकाम्या कोठ्यात प्रॅक्टिस करतात, म्हून तसं नाव ठेवलं."

"मंग त्या कोठ्यातले गुरं कुठी गेले?"

"पळाले असतीन," चुलीजवळून त्यांच्या पत्नी धनवंताबाई म्हणाल्या.

गाणं सुरू झालं. आधी काही तरी कढईत पडल्यासारखा आवाज झाला. मग एक मुलगी खणखणीत आवाजात गायला लागली:

*गोधनाच्या दिशी गा बाबू, हांडी कोनं चाटली?*
*गाय राहिली पाहात, कोनाले लाज नाही वाटली?*

पुरनलालजींच्या हातातली करंजी तिथेच थांबली. कारण हांडी कोणी चाटली, हे जगात फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस त्या वेळी करंजी हातात धरून बसला होता.

आदल्याच दिवशी गायगोधन झालं होतं. त्या दिवशी नव्या तांदळाची खिचडी आधी गायीला चारायची आणि मगच घरातल्यांनी तोंडात घास घालायचा, ही रीत. खिचडीची हांडी घेऊन कोठ्यात जायचं काम घरच्या मालकाचं. पुरनलालजी गेले. गाय भरल्या दिवसांची. ती बसली होती आणि उठायला तयार नव्हती. पुरनलालजी वाट पाहत उभे राहिले. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, आणि हांडीतून तुपाचा वास असा येत होता की साधुसंतांचंही चित्त ढळावं. गायीचं तोंड भाजू नये म्हणून त्यांनी एक घास घेऊन पाहिला. तो खरंच गरम होता, त्यामुळे चव कळली नाही. चव कळावी म्हणून दुसरा घेतला. तिसरा कशासाठी घेतला, ते त्यांना आता आठवत नाही. गायीने मान वर केली तेव्हा हांडीचं बूड दिसत होतं.

घरात येऊन ते म्हणाले, "पूर्ण खाल्ली. चाटूनपुसून."

इथवर ठीक होतं. पण दुसऱ्याच पहाटे गाय व्याली आणि तिला चांगली ठणठणीत कालवड झाली. धनवंताबाईंनी गावभर सांगितलं, की गोमाता प्रसन्न झाली, हांडीभर खिचडी खाल्ली अन लक्ष्मी दिली. शेजारणी कालवडीला हळदकुंकू लावून गेल्या. आता खरं सांगायचं म्हणजे बायकोच्या तोंडावर साऱ्या गावादेखत माती टाकण्यासारखंच. बावीस वर्षांच्या संसारात धनवंताबाई नवऱ्याला पुष्कळ गोष्टींवरून बोलल्या होत्या, पण लबाड कधी म्हटलं नव्हतं. हे एक प्रमाणपत्र पुरनलालजींना फार मोलाचं वाटे, आणि ते आता जातं की काय अशी वेळ आली.

"किती लोकायनं पाह्यलं हे गानं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तीस हजार."

काल दुपारी खाल्ली आणि आज तीस हजार लोकांना कळलं! (गाणं कधीचं आहे, एवढं त्यांनी मुलीला विचारलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण शाळेत दाखल्यावरची तारीख तीनतीनदा तपासणारा माणूस घरी आला की तारखा विसरतो.) भिंतीपलीकडून कोणी पाहिलं? गुराखी होता का? आणि मुख्य म्हणजे, त्याने बँडवाल्यांनाच जाऊन का सांगितलं? भीती होतीच, पण बाबूच्या जातीला भीतीपेक्षा चौकशीची खाज जास्त. सांगणारा कोण, हे कळल्याशिवाय त्यांना आता अन्न गोड लागणार नव्हतं.

दिवाळी झाली की आमच्याकडे मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस येतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. पाहुणे येतात, सोयरिकी जमतात, रात्री दंडार, म्हणजे सोंगं-नाचगाण्याचं लोकनाट्य, रंगते. रात्रीचा मान दंडारीचा, म्हणून 'रिकामा कोठा'ला दुपारी स्टेज मिळायचं. पुरनलालजींनी सगळ्या मंडयांचा तक्ता करून खिशात ठेवला आणि मोटारसायकलला किक मारली.

पहिली मंडई सालेकशाकडची. चार पोरं स्टेजवर चढली. दोघं गिटारवाले, तिसरा ड्रमवर, आणि गाणारी मुलगी दामिनी. तिच्यापर्यंत जायचं म्हटलं तर पोरांचा गराडा. तिथे एकाने सांगितलं, की बँडचा टी-शर्ट घालणाऱ्यांना पुढे उभं राहू देतात. पुरनलालजींनी टी-शर्ट घेतला. काळा, त्यावर पांढरं बैलाचं डोकं. त्यांच्या मापाचा उरला नव्हता, त्यामुळे बैलाचे डोळे पोटावर ताणले जाऊन तो फार आश्चर्यचकित दिसत होता.

पुढच्या रांगेत गेल्यावर त्यांना एक नवल दिसलं. मागे सगळी कॉलेजची पोरं नाचत होती, पण पुढे सहा जण पन्नाशीच्या पलीकडचे. कोणी मफलरवाला, कोणी धोतरवाला, आणि सगळे हात बांधून गंभीर उभे. दुसऱ्या मंडईलाही तेच सहा. तिसऱ्यालाही. रॉक संगीताची इतकी जाण आपल्या जिल्ह्यातल्या वडीलधाऱ्यांना आहे, हे पाहून पुरनलालजींना अभिमानच वाटला. ते एकमेकांशी बोलत मात्र नसत. गायीचं कडवं आलं की सातही जण एकदम जमिनीकडे पाहत.

आणि खरं सांगायचं तर, चौथ्या मंडईपर्यंत पुरनलालजींना निराळंच काही होऊ लागलं. जाड तारांच्या त्या गिटारचा आवाज कानाला नीट ऐकू येत नाही, पण पोटात कळतो, हा शोध त्यांना लागला. धान बांधीतून खळ्यावर नेण्यावरचं एक गाणं होतं, ते त्यांना पाठच झालं. ड्रम सुरू झाला की उजवा पाय आपोआप हलायचा. ते त्याला डाव्या पायाने दाबून धरत.

"रोज कुठी जाऊन राहिले तुमी?" धनवंताबाईंनी एकदा विचारलं.

"मंडईले. गाने आयकाले."

"तुमी?" त्या इतकंच म्हणाल्या. पण त्या एका शब्दात बावीस वर्षं होती.

आता वेळ उरला नव्हता. शनिवारी खुद्द पुरनलालजींच्या गावची मंडई होती, आणि भूमेश्वरीच्या ओळखीने तिथे 'रिकामा कोठा'च येणार होता. म्हणून शुक्रवारच्या मंडईत, गाणं संपताच, पुरनलालजी स्टेजमागे घुसले. दामिनी पत्र्याच्या पेटीवर बसून चिवडा खात होती.

"बेटी, तुले कोनं सांगितलं ते सांग. मी त्याचं काही करनार नाही."

"काय सांगितलं, काकाजी?"

"खिचडीचं! मीच खाल्ली. सारी हांडी. गाय बसली होती, मी उभा होतो, तूप लय होतं..." आणि पुरनलालजींनी पहिल्या घासापासून कालवडीपर्यंत सगळं ओकून टाकलं. दहा दिवसांचं ओझं उतरलं. त्यांचे डोळेही थोडे भरून आले.

दामिनीने चिवड्याचा कागद बाजूला ठेवला. "काकाजी, हे गानं आमी दसऱ्याले टाकलं होतं. तुमी खिचडी खाल्ली दिवाळीले."

पुरनलालजींनी बोटांवर हिशेब केला. दोनदा केला.

"मंग हे हाय कोनाचं?"

"माह्या बाबांचं. दर साली खातात ते." मग ती जरा अडखळून म्हणाली, "काकाजी, एक सांगू? तुमी सातवे हा. पहिल्या रांगेतले सहाबी हेच विचाराले आले होते. आमाले वाटलं होतं, फॅन होत. सांगूनबी पटत नाही त्यायले, रोज येऊन राहतात."

पुरनलालजींच्यातला बाबू जागा झाला. काम अर्धवट सोडायचं नाही. "ठीक हाय. पण उद्या आमच्या गावात हे गानं म्हनू नोको."

"लोकं सोडनार नाहीत, काकाजी."

"मंग एक कर. गाय म्हनू नोको. म्हैस म्हन."

शनिवारी मंडई भरली. शिंगाडेवाले, उसवाले, पाळणा, सगळं होतं. स्टेजच्या डाव्या हाताला बाया बसल्या होत्या आणि त्यात धनवंताबाई अगदी पुढे. दामिनीने शब्द पाळला. ती गायली:

*म्हैस राहिली पाहात, कोनाले लाज नाही वाटली?*

पोरांना गाणं तोंडपाठ. एकच ओरडा झाला. "म्हैस नाही, गाय! गाय! म्हैस कुठून आली?"

दामिनी माइकवर म्हणाली, "एका काकाजीची विनंती हाय. नाव सांगनार नाही. सांगितलं तं त्यायच्या घरची दिवाळी खराब होईन."

पहिल्या रांगेतल्या सात माना खाली गेल्या. त्यांतल्या सहा परगावच्या होत्या. (तोंडाने नाव घेतलं असतं, तर इतका गाजावाजा झाला नसता.) डाव्या बाजूने धनवंताबाई उठल्या, आल्या, आणि नवऱ्याला दंडाला धरून शिंगाडेवाल्याच्या मागे घेऊन गेल्या.

"मी खाल्ली," पुरनलालजी म्हणाले. आता लपवायला उरलं तरी काय होतं? "गायीनं एक घासबी नाही खाल्ला. तू गावभर सांगितलं अन मी तुले तोंडघशी पाडलं. म्हन आता लबाड."

"गायीले मी पहाटेच चारली होती," धनवंताबाई शांतपणे म्हणाल्या.

"म्हंजे?"

"गोधनाले दोन हांड्या ठेवाच्या असतात. एक गायीची, एक मालकाची. मी नवी नवरी होऊन आली तवाच सासूबाईनं कानात सांगितलं होतं. मामाजीची, तुमच्या बाबूजीचीबी, तेच गत होती. तुमच्या भरोशावर राहिली असती, तं गाय बावीस सालापासून उपाशीच राहिली असती."

"पन बाकीचे साल तं मी फकत दोन घासच..."

"ते बी माहीत हाय. औंदा तूप जादा पडलं माह्या हातून."

"सगळ्या घरी असंच करतात?"

धनवंताबाईंनी बायांच्या घोळक्याकडे पाहिलं. त्या साऱ्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. "बायाले माहीत असते," त्या म्हणाल्या. "मानसायले सांगत नाहीत. मंग हांडी घेऊन कोठ्यात कोन जाईन?"

पुरनलालजींना लाज वाटली, पण त्याहून जास्त हलकं वाटलं. प्रमाणपत्र शाबूत होतं, म्हणजे बायकोने त्यांना कधी लबाड समजलं नव्हतं, फक्त अधाशी समजलं होतं, आणि तेही पहिल्या वर्षापासून.

दुसऱ्या दिवशी बोदलकशाकडची मंडई होती. पुरनलालजींनी टी-शर्ट चढवला.

"आता कायले?" धनवंताबाईंनी विचारलं.

"गाने आयकाले," ते म्हणाले. या वेळी ते अगदी खरं होतं, आणि खरं बोलण्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

मंडईत पोचले तर पहिली रांग रिकामी. त्या सहा जणांना आपापल्या घरी दोन हांड्यांची बातमी पोचली असावी. पुरनलालजी मधोमध एकटे उभे राहिले. ड्रम वाजला तेव्हा त्यांनी उजवा पाय दाबला नाही, मोकळा सोडला. आयुष्यात पहिल्यांदा ते कोणत्याही चौकशीशिवाय गाणं ऐकत होते, आणि ते त्यांना मनापासून आवडत होतं.

गाणं संपलं. दामिनीची नजर त्यांच्यावर पडली. ती चटकन स्टेजच्या कडेला आली, खाली वाकली, आणि फार काळजीने, हळू आवाजात विचारती झाली,

"काकाजी, आता कोनाचं खाल्लं?"