आयुधपूजेतलं रिटर्न

ज्या घरात हवा तो कागद हव्या त्या वेळी सापडतो, ते घर सुसंस्कृत समजावं, असा एक जुना नियम आहे. (नियम कुठं लिहून ठेवलाय, तो कागद सध्या सापडत नाही.)

या कसोटीला म्हैसुरातलं शंभूरावांचं घर पुरेपूर उतरत होतं. निवृत्त मुख्याध्यापकाचं उत्पन्न ते काय, पेन्शन आणि एक ठेव. पण त्यासाठी त्यांनी चौदा फाइली राखल्या होत्या. नऊ फाइलींत कागद, तीन फाइलींत त्या नऊंच्या याद्या, एक राखीव. चौदावी हरवल्यामुळे तिच्या तपासाच्या नोंदी ठेवायला पंधरावी उघडली होती.

गेल्या साली लष्कर मोहल्ल्यातल्या ऑडिटर वादिराजांनी माडीवरच्या आपल्या ऑफिसात चारचौघांत विचारलं, "राव, एवढ्याशा उत्पन्नाला हे बाड कशाला?" झालं! पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते. अपमान गिळायची घराण्याला सवय नाही. "तुमचा जिना पुन्हा चढलो तर नावाचा शंभूराव नाही!" असं बजावून ते उतरले. (मधल्या पायरीवर गुडघा धरला म्हणून दोन मिनिटं बसले, ते सोडा.)

यंदा त्यांनी इन्कम टॅक्सचं रिटर्न स्वतः भरलं. सतरा दिवस लागले. त्या काळात पत्नी शकुंतलाबाईंना घरात मिक्सर लावायची मनाई होती. रिटर्न भरल्याची बातमी नातलगांच्या ग्रुपवर, बँकेत आणि भाजीवालीला कळवण्यात आली. राहिलं फक्त व्हेरिफिकेशन. फोनवर सहा आकडे येतात, ते तीस दिवसांत टाकायचे. न टाकल्यास रिटर्न वेळेत भरलं असं धरत नाहीत. पण असल्या कार्याला मुहूर्त नको? तिसावा दिवस नेमका आयुधपूजेचा, म्हणजे खंडेनवमीचा निघाला. ठरलं.

त्या दिवशी पणजोबांच्या तलवारीशेजारी घरातली चालू आयुधं मांडली: लॅपटॉप, फाइली, पंचिंग मशीन आणि फोन. हळदकुंकू, शेवंतीची फुलं, सगळं यथासांग झालं. संध्याकाळी शंभूराव व्हेरिफिकेशनला बसले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आकडे येणारा फोन देवापुढं आहे.

त्यांनी हात पुढं केला.

"अय्यो, मुट्टबेडी!" शकुंतलाबाई ओरडल्या. "हात लावू नका. उद्या आरती झाल्याशिवाय काही हलवायचं नाही."

"ताता, तुमीच सांगितलं की," नात नव्या म्हणाली. गेल्या साली तिनं पूजेतला मोबाईल उचलला, तेव्हा तातांनी पूर्वजांवर पाऊण तास व्याख्यान दिलं होतं. (यंदा तिनं मोबाईल पूजेला दिलाच नव्हता. तरुण पिढीचा उथळपणा, दुसरं काय.)

त्या उथळ मोबाईलवरून नातीनं साइट उघडली. देवापुढला फोन उजळला. दोन आकडे दिसले. चारांवर शेवंती होती. पूजेतलं फूल माणसानं काढायचं नसतं, पण आपणहून पडलं तर तो कौल समजतात. म्हणून तिघंही हात जोडून बसले. आकड्यांची मुदत दहा मिनिटं. शंभूरावांच्या डोळ्यांपुढून वादिराजांचा जिना हलेना. नव्याला दया आली. तिनं तातांच्या फोनला रिंग दिली. फोन थरथरला, फूल सरकलं आणि नेमकं त्या दोन आकड्यांवर जाऊन बसलं. आता झाकलेले चार लख्ख दिसत होते. आधीचे दोन मात्र पंधरा फाइलींच्या त्या घरात कुणीही टिपून घेतले नव्हते.

दुसऱ्या खेपेला फोनचं चार्जिंग संपलं. चार्जर लावणं म्हणजे हात लावणंच, असा निर्णय शंभूरावांनी स्वतःच दिला. देताना त्यांना जवळजवळ रडू आलं.

तिसऱ्या दिवशी ते जिना चढले. वादिराजांनी "या, बसा" म्हणून बाकाकडं हात केला. बाकावर सात जण होते. सगळ्यांच्या मांडीवर फाइली, सगळ्यांनी यंदा स्वतःच भरलेलं, आणि कुणी कुणाकडं बघत नव्हतं. शंभूरावांना फार बरं वाटलं. त्यांनी सरकून शेजारी एका माणसापुरती जागाही केली.

ती जागा आपली, वाचकहो. आपलं रिटर्न व्हेरिफाय झाल्याची पावती घरी आहे म्हणता? असेल की. आणून दाखवा बघू. शोधा सावकाश, तोवर जागा धरून ठेवतो.