खरवडलेला समुद्र

समुद्राच्या निगेटिव्हवरचे सगळे ठिपके मी चाकूनं खरवडून काढले. बेंगळूरात मल्लेश्वरमच्या फोटो स्टुडिओत नवरदेवांच्या गालांवरचे देवीचे व्रण घालवण्यात माझा हात बसला होता. सरकारी नोकरीत आल्यावर समुद्राचीही मी तीच सेवा केली.

ते ठिपके म्हणजे तुकोजीअण्णांचा सगळा अभ्यास होता.

अण्णा बेंगळूरच्या जुन्या मराठी घराण्यातले, आमच्या ऑफिसातले शास्त्रज्ञ. किनाऱ्यालगतचं पाणी कुठून कुठं वळतं, हे विमानातून फोटो काढून शोधायचं, एवढाच ध्यास. समोर पाणी आलं की खिशातून चुरमुरे काढून त्यात टाकायचे. बादली, हौद, काहीही चालायचं. माझ्या साखरपुड्यात तर त्यांनी माझ्या सासऱ्यांच्या ढवळलेल्या कॉफीत चुरमुरे सोडले. सासरे कप उचलू लागले, तर म्हणाले, "स्वल्प थांबा, फिरू दे! पाणी चालताना दिसत नाही हो. त्याच्याबरोबर जाणारं दिसतं."

कारवारच्या समुद्रात चुरमुऱ्यांऐवजी पांढऱ्या रंगवलेल्या फळ्या सोडल्या होत्या. विमानानं पुन्हा पुन्हा येऊन त्यांचे फोटो घेतले. निगेटिव्हवर पांढरं काळं उमटतं. मला वाटलं, घाण आहे.

अण्णा भिंगातून कोरा समुद्र बघत राहिले. "सरी," म्हणजे 'बरं', एवढंच म्हणाले. विमान पुन्हा मिळणार नव्हतं. मग हळूच विचारलं, "किनाऱ्यावरच्या काळ्या खडकावर एक ठिपका होता काय हो?"

कारवारला त्यांची अक्का राहायची. तिनंच त्यांना लहानाचं मोठं केलेलं. आईच्या दिवसकार्यात दोघांचं भांडण झालं, तेव्हापासून अबोला. अण्णांनी फळ्या सोडणाऱ्या नाववाल्याकडून निरोप धाडला होता: राग गेला असेल तर विमान येईल तेव्हा घरामागच्या खडकावर पांढरी चादर अंथर.

मला काही आठवत नव्हतं. भराभर खरवडताना कुठला ठिपका पाण्यातला आणि कुठला खडकावरचा, कोण बघतो?

"होता," मी म्हणालो. "चांगला ठळक."

अण्णा त्याच आठवड्यात कारवारला गेले आणि अक्काला घेऊनच परतले. अभ्यास मात्र बंद पडला तो पडलाच. त्यांच्या टेबलावर रस्त्यांचे नकाशे आले. मला ते कधी एका शब्दानं बोलले नाहीत. भेटले की माझ्या खोकल्याची चौकशी करत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अक्कांच्या पाया पडायला गेलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"चादर मी अंथरलीच नव्हती," त्या म्हणाल्या. "ह्याच्या कामाचं वाटोळं केलंस, वर खोटं बोललास." मग अण्णांकडे वळल्या. "तुकोजी, असल्या माणसाला पगार कोण देतं रे?"