ऑगस्टात मरू नये

सेव्हिलला येणाऱ्या पाहुण्यांना काय हवं असतं, ते माझ्याइतकं नगरपालिकेलाही कळत नाही! उंबऱ्यात खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते: बाबांनो, रस्त्यावरच्या झाडांची संत्री खाऊ नका, कडूजहर असतात. भर दुपारी हिंडू नका, भाजून निघाल. आणि नऊच्या आत रात्रीचं जेवण मागू नका, स्वयंपाकी हसतो!

तर माझा नवरा, फेर्मीन, ऑगस्टात गेला. ऐन ऑगस्टात! अख्खं शहर सुट्टीला जाऊन समुद्रात पाय बुडवून बसलेलं असताना! जन्मभर लोकांच्या खिडक्यांच्या झडपा दुरुस्त केल्या त्यानं. आमच्या गल्लीत त्याचा हात न लागलेली खिडकी नाही. आणि अंत्यदर्शनगृहातल्या आमच्या खोलीत कोण? काचेपलीकडे पेटीत तो, अलीकडे मी, आणि वीस रिकाम्या खुर्च्या.

तेवढ्यात माद्रिदहून नणंद आली. अदेला. खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "वहिनी, माझ्या दादाला ओळखणारं इथं कुणीच नव्हतं का गं?"

"उन्हं उतरू देत!" मी ठणकावलं. "पाय ठेवायला जागा उरणार नाही!"

म्हटलं खरं, पण आणू कुठून माणसं? माझा फेर्मीन असा बेवारशासारखा जाणार, आणि तेही हिच्यासमोर? हातपंखा विसरले म्हणून सांगितलं आणि टॅक्सीनं घर गाठलं. शेजारणींची दारं बडवली. सगळीकडे कुलपं! माझ्या उंबऱ्यावर मात्र एक परदेशी जोडपं उभं, उकडलेल्या कोळंबीसारखं लालबुंद. बाईनं फोन पुढे केला. फोन आमच्या भाषेत बोलला: "टुरिस्ट जात नाहीत, फक्त इथले लोक जातात, अशी जागा पाहिजे."

आता सांगा, मी खोटं बोलले का?

"आहे की!" मी म्हटलं. "गारेगार! तिकीट नाही. संडास स्वच्छ. खांदे झाका, फोटो काढू नका, आणि आत काळ्या कपड्यातली बाई दिसली की तिचा हात धरून 'फार वाईट झालं' म्हणा. इथली रीत आहे."

गार आणि फुकट! त्यांनी सगळ्या हॉटेलाला कळवलं. काय कळवलं ते देवच जाणे, पण संध्याकाळी फेर्मीनच्या खोलीच्या दारात रांग लागली हो! अर्ध्या चड्डीतला एक बाप्या गुडघे टेकून बसला. एका बाईनं तान्ह्या पोराचं कपाळ काचेला टेकवलं. एकानं तर फोनमधून मला विचारलं, "हे संत कुठल्या शतकातले?"

"परवापर्यंत कॉफी पीत होते, मेल्या!" मी दात खाऊन पुटपुटले.

पण 'संत' तेवढं अदेलानं ऐकलं. रुमाल सापडेना म्हणून डोळ्यांना बाहीच लावली.

"वहिनी, एवढ्या लांबची माणसं दादाला संत म्हणतायत! आणि तू कधी बोलली नाहीस?"

"त्यांना मिरवायला आवडायचं नाही," मी म्हटलं.

संत! मोजे पलंगाखाली फेकणारा संत! हसू आलं, आणि सवयीनं मी हे सांगायला शेजारी वळले. शेजारी एक उंचाडा माणूस हवा खात बसला होता. खोली गच्च भरली होती, आणि त्या मोज्यांचं जिला सांगावं अशी एक बाई तिथं नव्हती. ज्याला सांगायची, तो काचेपलीकडे.

हळूहळू गर्दी ओसरली. एक म्हातारी तेवढी राहिली. तिनं काचेकडे बघत बराच वेळ काहीतरी मागितलं, मग माझा हात धरला आणि फोन तोंडाशी नेला.

"उद्या किती वाजता उघडतं?"

"उद्या बंद."

"आणि परवा?"

परवा! दोन दिवस मी कपडे, फुलं, पाद्री, नणंद, खुर्च्या यांच्यापलीकडे पाहिलंच नव्हतं. परवाही तो नसणार, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग त्या परक्या म्हातारीच्या खांद्यावर मी असं भोकाड पसरलं, की बाजूच्या खोलीतल्या मयताची माणसं, सगळी गोतावळ्यासकट, आमच्या दारात येऊन उभी राहिली.

तेव्हा कुठे अदेला म्हणाली, "खरंच वहिनी, जागा पुरेना!"