सुर्वेकाकांचा बोलका मीटर

सुर्वेकाका आमच्याकडे आले की आधी सोफ्याजवळच्या प्लगला भेटतात आणि मग आम्हाला. गळ्यातला वीज मोजायचा मल्टिमीटर पुढे ओढायचा, त्याच्या वायरींची दोन टोकं प्लगमध्ये घालायची, चष्मा कपाळावर चढवायचा आणि आकडा वाचायचा. "दोनशे छत्तीस. बराबर. हं, कशी आहेस वैशाली?" आकडा खाली गेलेला असला तर माझी खुशाली विचारायची राहून जाते.

काकांचा जन्म इथलाच, नागरवाड्यातला आणि सगळी नोकरी कोयलीच्या रिफायनरीत, विजेच्या विभागात. निवृत्त झाले, पण मीटर काही निवृत्त झाला नाही. "अंदाज सांगू नकोस, आकडा सांग," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा मी आमटीला मीठ कमी आहे का विचारलं, तर मीठ मोजणारा मीटर घरात नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. सोसायटीच्या गणपतीत आरतीची ताटं हातात घेऊन आम्ही ताटकळत उभे असतो आणि काका मखराची लोखंडी चौकट तपासत असतात. "बाप्पाला शॉक लागला तर जबाबदारी कोणाची?" हे ऐकून भटजीही मखरापासून दोन पावलं मागे सरकतात.

त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. घरात ते आणि नलूकाकू, दोघंच. काकूंची दृष्टी साखरेच्या आजारात गेली. भिंतीपलीकडून दिवसभर काकांच्या मीटरचा बारीक आवाज यायचा. मीटरची दोन टोकं जोडली की तो 'टूं' करतो, म्हणजे तार अखंड आहे. एवढ्याशा घरात माणूस रोज इतक्या तारा कसल्या तपासतो, हे मला कोडंच होतं.

या हिवाळ्यात माझ्या गाडीने सकाळी सुरू व्हायचं सोडलं. मी नंदेसरीला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. बॅटरी नवी घातली तरी तेच. शेवटी ठरवलं, स्वतःचा मीटर घ्यायचा, गाडीलाही होईल आणि घरालाही. काकांना सांगितलं तर मी गाणं शिकायला निघाल्यासारखे खूश झाले.

त्याच आठवड्यात त्यांच्या मीटरचा आवाज गेला.

"मोजतो ना पण?" मी विचारलं.

"मोजतो गं. बोलत नाही, त्याचं काय?"

काका एकदम उतरले. मीटर दोनदा खोलून झाला, पण आवाज परत येईना. आता भिंतीपलीकडून 'टूं'च्या जागी काकूंची हाक ऐकू यायची. "अहो? आहात ना?" थोड्या वेळाने पुन्हा, "अहो?" त्या हाकेतली भीती भिंतीतूनही कळायची.

रविवारी आम्ही रावपुऱ्यातल्या किरीटभाईंच्या दुकानात गेलो. काकांनी वाटेतच माझी शिकवणी घेतली. गाडीला डीसी, घराला एसी, दोन्ही नीट मोजायला हवं. दहा अँपिअरच्या भोकाला आत फ्यूज हवाच, नाहीतर चुकीचं जोडलं तर मीटर हातातच पेटतो. भिंतीतल्या विजेसाठी मीटरवर सुरक्षेचा 'कॅट थ्री' दर्जा छापलेला हवा आणि वायरी जाड हव्यात. मी मान डोलावत होते.

दुकानात मात्र काकांनी यातलं काही न बघता प्रत्येक मीटरची टोकं जुळवायला सुरुवात केली. पीं! "किरीटभाई, आ तो चीस पाडे छे," काका गुजरातीत म्हणाले, म्हणजे हा किंचाळतोय. दुसरा. ट्र्र्र. "आने शरदी थई छे." याला म्हणे सर्दी. काउंटरवर मीटरांचा ढीग झाला. किरीटभाईंनी कपाळाला हात लावला. "काका, मीटर लेवानुं छे के गायक?"

मग काकांनी टोपलीतला एक स्वस्तातला पिवळा मीटर उचलला. टूं. हुबेहूब त्यांच्या जुन्या मीटरचा आवाज. काकांनी मीटर कानाशी नेला. पुन्हा टोकं जुळवली. टूं. आणि मग सवयीने स्क्रू ड्रायव्हर काढून त्यांनी मागचं झाकण उघडलं.

"दहा अँपिअरला फ्यूजच नाही!" त्यांनी तो पिवळा मीटर काउंटरवर लांब सरकवला. "असला मीटर घरात ठेवायचा नसतो." मला त्यांनी एक दणकट मीटर निवडून दिला. "आवाज बेसूर आहे, पण तुझ्या कामाचा आहे." मी पैसे देऊन बाहेर आले. काका मागे रेंगाळले, किरीटभाईंशी काही बोलायचं होतं म्हणाले.

त्याच संध्याकाळी माझ्या मीटरने चोर पकडला. डिकीतला दिवा झाकण लावल्यावरही जळत राहायचा आणि रात्रभर बॅटरी पीत बसायचा. दुसऱ्या दिवशी गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली, म्हणून कामावरून आल्यावर मी श्रीखंडाचा डबा घेऊन काकांकडे गेले.

काकू खुर्चीत बसून वालपापडी सोलत होत्या. आतून आवाज आला, टूं. काकूंनी तिकडे मान वळवली आणि स्वतःशीच हसल्या.

"आला बाई आवाज परत," त्या म्हणाल्या. "डोळे गेल्यावर हे सारखे 'मी इथेच आहे, मी इथेच आहे' म्हणायला लागले. मला एकदम आजारी असल्यासारखं वाटायचं. एक दिवस म्हटलं, तुम्ही आपलं काहीतरी तपासत फिरा. ते टूं ऐकलं की वाटतं, सगळं पहिल्यासारखं चाललंय. हे कामात आहेत आणि मी माझ्या कामात."

तेवढ्यात काका बाहेर आले. गळ्यात दोन मीटर. एक जुना, मुका. दुसरा तो पिवळा. त्याची चकती आवाजाच्या खुणेवर फिरवून वरून काळ्या टेपने घट्ट बसवली होती आणि दहा अँपिअरचं भोकही टेपने बुजवलं होतं. मला बघून काका चोरी पकडल्यासारखे अवघडले.

"याने मोजायचं काही नाही," ते हळूच म्हणाले. "मोजायला जुना आहे."

मी श्रीखंडाचा डबा पुढे केला. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काका, आमच्या प्लगला कधी भेटायला येताय?"

"येतो, येतो. स्वयंपाकघरातली एक तार तेवढी बघतो."

ते आत गेले. दारातून मला दिसत होतं, ओट्यापाशी तार वगैरे काही नव्हती. काकांनी रिकाम्या हवेत दोन टोकं एकमेकांना लावली.

टूं.

"हं," काकू म्हणाल्या आणि पुढची शेंग हातात घेतली.