केंद्राचा सर्व्हर पूर्णपणे सुरक्षित आहे

देशाने बाजार खुला केला, तेव्हा आपणच मागे का राहावं, म्हणून सिकंदराबादच्या आमच्या वधूवर केंद्राने सर्व्हर घेतला. सगळ्या उपवर मुलामुलींच्या नोंदी त्यात भरण्याचं काम नोंदणी चिटणीस या नात्याने माझ्याकडे आलं. सर्व्हर मात्र एक स्थळ काढायला इतका वेळ घेई, की तोवर चहावर साय धरे.

बघायला कुकटपल्लीच्या कंपनीतला तेजस आला. मूळचा पुण्याचा, स्वतःही उपवर. अध्यक्ष नामदेवरावांची त्रिवेणी त्याला चहा द्यायची आणि कप न्यायच्या निमित्ताने तिथेच थांबायची.

"काका, यंत्राच्या मुळाशी, बायोसमध्ये, वीजबचत चालू आहे. ती बंद केली की धावेल. आणि त्या सेटिंगला पासवर्ड लावा."

"बचत बंद? नक्को," नामदेवराव म्हणाले. "संस्था काटकसरीवर उभी आहे. पासवर्ड लावा. चालू करतानासुद्धा विचारू दे."

एकाच माणसाला पासवर्ड ठाऊक असणं धोक्याचं, म्हणून अर्धा नामदेवरावांनी घातला, अर्धा उपाध्यक्ष केशवरावांनी, एकमेकांना खोलीबाहेर काढून. पुढे निवडणुकीत केशवराव पडले आणि आपला अर्धा घेऊन घरी बसले. त्याच आठवड्यात वीज गेली. आली, तेव्हा सर्व्हर पासवर्ड मागत होता.

"बाबा, तेजस समोर बसलेत. त्यांच्या स्थळाची माहिती त्यांनाच विचारा ना," त्रिवेणी म्हणाली.

"तोंडी माहितीवर पोरगी देऊ? अध्यक्षाचं घर आहे हे. रीतसर नोंद बघितल्याशिवाय होत नाही."

तेजसने शेवटचा उपाय सांगितला. "आतली छोटी बॅटरी थोडा वेळ काढून ठेवली, की पासवर्ड पुसला जाईल. मग नोंदी सगळ्यांना दिसतील."

'सगळ्यांना' हा शब्द ऐकताच सभा सावरून बसली. मग तातडीचा ठराव आला. बेगम बाजारातून जाड पत्र्याची पेटी आणून सर्व्हर तिच्यात ठेवला आणि झाकणाला वेल्डिंग केलं. ठराव एकमताने झाला. केशवरावांनीही घरून पाठिंबा कळवला.

तेजस बदली घेऊन बंगळुरूला गेला. त्रिवेणी सभेच्या दिवशी अजून एक कप जास्त काढते. मला तिच्याकडे बघवत नाही.

वार्षिक अहवालात मी लिहिलं, की सर्व्हर हळू चालल्याची यंदा एकही तक्रार नाही आणि एकही नोंद चोरीला गेलेली नाही. टाळ्या बराच वेळ वाजल्या.

हसताय? तुमच्या चिरंजीवांची नोंदही त्याच पेटीत आहे. त्यांचा पगार, उंची आणि तो मोडलेला साखरपुडा, तुम्ही काय सांगितलंत आणि मी काय लिहिलं, हे आपल्या दोघांनाच ठाऊक. पेटी फोडावी असं वाटत असेल तर तसा अर्ज द्या. अजून एकही आलेला नाही.